कापलेल्यांतलं उरलेलं इंजिन

घाटकोपरचे यशवंत सोनकांबळे तरुणपणी भंगाराच्या यार्डात गॅसकटर चालवायचे. इंग्रजांच्या काळातल्या वाफेच्या इंजिनांची एक अख्खी जात त्यांनी तिथे कापली; त्यातलं एकच उरलं. पुढे ते जतन करायची कुणाला तरी बुद्धी झाली. त्याचा सांधा न् सांधा ओळखणारा माणूस म्हणून सत्तरीतल्या सोनकांबळेंनाच बोलावणं आलं. दोन वर्षं खपून त्यांनी ते उभं केलं.

मरोळला सत्कार झाला. निवेदिका तेजलने विचारलं, "काका, हे इंजिन तुम्ही कसं वाचवलंत?"

"त्या दिवशी गॅस संपला होता," सोनकांबळे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी यार्डच बंद पडलं."

किती विनम्र माणूस, म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली बसताना ते बायकोला हळूच म्हणाले, "खरं सांगितलं तरी पटत नाही गं यांना."