आमच्याकडं कोणी घेत नाई

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे सांगताना माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, अशी मान ताठ करतात की बंदी जशी त्यांनीच आणली. रिटायर हेडमास्तर, आष्टीकडं राहतात, गावात मान आहे. आणि त्यांचा सख्खा लहान भाऊ इकडं बोरगाव मेघ्यात, माझ्या घरात, रोज संध्याकाळी पिऊन लोळतो. गॅसचं सिलेंडर यायला आठ दिवस लागतात, शीशी मात्र फोन ठेवेपर्यंत मोटरसायकलवर दारात. बंदी म्हणे!

पण सासरी दारू हा शब्द कोणी काढायचा नाही. त्यांनी त्याला नाव ठेवलं बीपी. पुतणीच्या लग्नात नवऱ्याला मांडवातून उचलून आणला, बीपी. ऑफिसला दांडी, बीपी. नणंद तर डोळ्यांत पाणी आणून शेजारणीला सांगायची, "आमच्या भाऊले लय बीपी आहे हो." अगं बाई, बीपीचा असा वास येतो का कधी?

शेवटी मी एकटीच एका डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्यांनी बजावलं, इतक्या वर्षांची सवय घरच्या घरी एकदम तोडू नका, झटके येतात, जिवावर बेततं. भरती करा, औषधं देऊन सोडवू. आणि तो ज्याचं ऐकतो असं एक माणूस सोबत आणा. तो ऐकतो फक्त भासऱ्यांचं. मग काय, गेले आष्टीला. दादांपुढं डोक्यावर पदर घेऊन बसले आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

दादा आधी उठले आणि खिडकी लावून आले.

"दवाखान्यात कागदावर लिवलं म्हणजे पोलिसात गेलंच समजजो," ते म्हणाले. "दारूबंदीचा जिल्हा आहे बाई. नोकरी घालवाची आहे काय त्याची?"

"डॉक्टर पोलिसाले कायले सांगते जी? पेशंट आहे तो."

"तुले जास्त कळते काय?"

आयुष्यभर पोरांना धडे देऊन या माणसानं हेच ज्ञान कमावलं होतं. मग त्यांनी तोड काढली. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. रविवारी आमच्याच घरी बैठक भरली. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, नवऱ्यानं हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, नणंद रडली. मी मेली सगळ्यांसाठी पाटोड्या रांधत होते. स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "एकदम सोडली तर जिवाले धोका आहे म्हणते डॉक्टरीणबाई." सगळे फिदीफिदी हसले. "दारू सोडल्यानं मेला असं आयकलं काय कोणी?" दादा म्हणाले आणि रस्सा वाढायला सांगितला.

आणि खोटं कशाला बोलू, नवऱ्यानं शपथ पाळली. तेवढ्यासाठी मला त्याची इतकी माया आली की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी हातात कप धरवेना. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायला लागला. त्यानंतरच्या सकाळी न्हाणीत पडला, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी ऑटोत घालून दवाखान्यात नेला. दादा रविवारपासून जवळच नणंदेकडं मुक्कामी होते; कळवलं, तर कधी नव्हे ते टॅक्सी करून आले.

ड्यूटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, "दारू घेतात का? शेवटची कधी घेतली?"

माझं तोंड उघडायच्या आत दादा पुढं झाले. "नाई जी. आमच्याकडं कोणी घेत नाई. बीपी आहे त्याले."

भाऊ डोळ्यांदेखत मरायला टेकलाय आणि हा माणूस घराण्याला पॉलिश मारतोय! माझ्या अंगाची लाही झाली. मी अख्ख्या वार्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "घेतात! लग्नाच्या आधीपासून रोज घेतात! यायनं शपथ घालून परवा एकदम सोडवली!"

"हळू बोल बाई, लोकं आयकून राह्यले."

"आयकू द्या!"

डॉक्टरनं दादांकडं पाहिलंसुद्धा नाही, सिस्टरला इंजेक्शन सांगितलं. थोड्या वेळानं झटके थांबले. दादा बाहेर व्हरांड्यात जाऊन नातेवाइकांना फोन करत राहिले. मी तिथंच फरशीवर बसले.

शेजारच्या खाटेजवळची बाई उठली. कोण, कुठली, काही माहीत नाही. तिनं मला हाताला धरून आपल्या बाकड्यावर बसवलं. "माह्यावाल्यालेबी असंच झालतं," ती म्हणाली. "रात्री बडबडते, ओळखत नाई. भिऊ नको. मी आहो इथंच." सासर-माहेर पालथं घातलं, कोणी एवढं बोललं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हमसून हमसून रडले.

दादा आत आले. तिच्याकडं बघून कुजबुजले, "हे कोण? काय सांगतलं हिले?"

"सगळंच सांगतलं," मी म्हटलं. "तुमी घरी जा जी. माह्याजवळ माणूस आहे आता."