आईच्या हेल्मेटातून ऐकलेला रस्ता

आमची स्वारी हिंगोलीहून निघाली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि अर्धी गल्ली दात घासायचं सोडून फाटकाशी उभी होती. पुढं आई, बाबांच्या जुन्या मोटरसायकलवर. मागं मी, पुण्याहून आणलेल्या माझ्या गाडीवर. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटात एकमेकींचा आवाज.

"क्लच हळू सोड," मी म्हणाले.

आईनं मान हलवली.

"मान हलवू नकोस, बोल. मान मला ऐकू येत नाही."

आईनं पुन्हा मान हलवली आणि गाडी सुटली.

माझी हिमालयातल्या प्रवासाची वर्णनं वाचलेल्यांना वाटेल, हिंगोलीहून सेनगाव, तिथून साखरा आणि त्याच्या पलीकडचं आमचं खेडं, हा काय प्रवास झाला? जीपवाले दिवसातून चार खेपा करतात. पण त्या जीपमध्ये माझी आई मागच्या फळीवर बसलेली असते. या वेळी ती हँडलवर होती, आणि त्या हँडलवर आमचं शेत अवलंबून होतं.

गावाकडचं आमच्या वाट्याचं रान बाबा हिंगोलीत राहून बघायचे, आठवड्यातून दोनदा गाडीवर जाऊन. यंदा त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोटरसायकल कायमची बंद केली. थोरल्या काकांनी लगेच सुचवलं की रान बटईनं (पिकातला वाटा ठरवून दुसऱ्याला कसायला) देऊन टाकू. आमच्याकडं असले व्यवहार पाडव्याला ठरतात. आई म्हणाली, मी करते शेत. त्यावर आजोबांचा निरोप आला, "कोणाच्या मागं बसून शेती व्हत न्हाई. सोता येऊन दाखव म्हणावं." पाडवा पुढच्या आठवड्यात होता.

स्कूटी घेऊ, असं मी सुचवलं होतं. "पाणंदीतल्या (शेताकडं जाणाऱ्या वाटेतल्या) काळ्या मातीत ती लहान चाकं रुतून बसतील, मंग तूच ये काढायला," आई म्हणाली. महिनाभर ती रामलीला मैदानावर पहाटे गाडी शिकत होती. मैदानात जमली. रस्त्यावर मात्र मी मागून ओरडलेलं तिला ऐकू येत नव्हतं, आणि ती घाबरली की गिअर विसरायची. म्हणून मी ठरवलं, आपला आवाजच तिच्या कानात बसवायचा.

माझ्याकडं एक ब्लूटूथ सेट होता: दोन चपटे स्पीकर, तोंडापुढं येणारा वाकडा माइक आणि हेल्मेटाला बाहेरून चिकटणारी बटणांची डबी. तसाच दुसरा आईसाठी आणला. खोक्यावर छापलं होतं की किलोमीटरभर बोलता येतं. आमच्या गल्लीच्या दुसऱ्या वळणावर आवाज गुल झाला. सरळ रस्ता असेल, मध्ये भिंत नसेल तर बरा चाले. पण गाडीनं वेग घेतला की माइकमधून पिठाच्या गिरणीसारखा घरघराट यायचा. गाड्यांच्या सीटा शिवणारे मुश्ताकभाई बाबांचे जुने दोस्त. त्यांनी माइक हातात धरून फुंकर मारली आणि हसले.

"ताई, आदमीला हेल्मेट पायजे, मंग माइकला नको का?"

त्यांनी सीटच्या फोमची बोटाएवढी टोपी शिवून माइकला घातली. घरघर निम्म्यानं उतरली. मी माइक आणखी आत, अगदी ओठांजवळ वळवला, आणि उरलेली निम्मी गेली. या गोष्टीचा मला इतका गर्व झाला की मी संध्याकाळभर कोणाशी साधं बोलले नाही, फक्त हेल्मेटातून बोलले.

आता अडलं ते कुड्यांवर. स्पीकर आईच्या कानातल्या मोत्याच्या कुड्या दाबायचा, आणि दहा मिनिटांत तिचे कान लाल व्हायचे.

"कुड्या काढून ठेव," मी म्हणाले.

"बुच्या कानानं सासरी जाऊ? तुझं डोकं फिरलं काय?"

मग तिनंच जुन्या सुती लुगड्याची पट्टी घेतली, पिळली आणि दोन चिमुकल्या चुंबळी केल्या (घागरीखाली डोक्यावर ठेवतात तसली कापडी कडी). एकेक चुंबळ स्पीकरभोवती बसली. कुडी मधल्या पोकळीत सुखानं राहिली आणि स्पीकर कानासमोर अधांतरी. मुश्ताकभाईंनी त्या चिकटवून दिल्या. महागातल्या सेटबरोबर अशी सोय मिळत नाही, हे मी पुण्यातल्या मंडळींना आवर्जून सांगणार आहे.

कपड्यांचा प्रश्नही तिनंच सोडवला होता. ती काष्टा घातलेल्या नऊवारीत होती. पुण्यात पाडव्याच्या मिरवणुकीत बायका नऊवारी नेसून गाडीवर बसतात ते फोटोसाठी. आई बसली होती ती शेताला जायला.

सेनगावच्या रस्त्यावर हळदीचा हंगाम जोरात होता. जागोजागी कुकर लावून हळद शिजवणं चाललं होतं, वाफेचे लोट रस्त्यावर येत होते आणि त्या ओल्या, मातकट वासानं हेल्मेट भरून जात होतं. ताडपत्र्यांवर पिवळेजर्द ढीग वाळत पडले होते. माझ्या सूचना अखंड चालू होत्या. डावीकडं घे, ट्रॅक्टरला जाऊ दे, गिअर कमी कर. आई नुसती "व्हय, व्हय" करत होती. आणि एकदम, काही न सांगता, ती रस्त्याच्या कडेला थांबली. मी तिला धडकता धडकता वाचले.

"आई! थांबताना सांगायचं असतं!"

तिचं लक्षच नव्हतं. हळद पसरणाऱ्या एका म्हातारीला ती विचारत होती, "मावशी, बेणं कुठलं व्हतं? उतारा कसा पडला?"

म्हातारीनं तिला पायापासून हेल्मेटापर्यंत पाहिलं. "बाई, तू पोलिसीण व्हय?"

"न्हाई मावशी. शेतकरीण."

तो शब्द माझ्या दोन्ही कानांत एकदम उमटला. आईच्या तोंडून मी तो स्वतःबद्दल पहिल्यांदाच ऐकत होते. आत्तापर्यंत विचारलं की ती "घरीच असते" असं सांगायची. माझा राग कुठल्या कुठं गेला.

सेनगावला स्टँडसमोर चहा आणि गरम भजी घेतली. चहावाला आईकडं काळजीनं बघत होता. शेवटी म्हणाला, "लांबून पाहून राहिलो, बाई एकल्याच बोलून राहिल्या. म्हटलं, ऊन लागलं का काय."

"पोरगी बसून आली न कानात," आईनं हेल्मेट दाखवलं.

मग काय, बाकावरच्या एका जीपवाल्यानं ते डोक्यात घातलं आणि "हॅलो! हॅलो! येऊन राहिला का आवाज?" असं इतक्या जोरात ओरडला की माझा सेट नसता तरी ऐकू आलं असतं. निघताना त्यानं आमच्यासाठी जीप मागं घेऊन रस्ता मोकळा करून दिला.

साखऱ्याच्या पुढं डांबर संपलं. कोणीतरी पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणून नुसती मुरूम-माती लोटून ठेवली होती. मी "सावकाश" म्हणेपर्यंत आईचं पुढचं चाक त्यात घसरलं आणि गाडी आडवी झाली. मी धावले. आई उठून बसली होती, कोपर खरचटलं होतं, ब्रेकची दांडी थोडी वाकली होती. 

"पुरे झालं आई. ही गाडी इथं वस्तीवर ठेवू. तू माझ्या मागं बस."

"तुझ्या मागं बसून जायचं व्हतं तर जीप काय वाईट होती?" असं म्हणून तिनं काष्टा झटकला. "उचलू लाग."

आम्ही दोघींनी गाडी उचलली. दांडी तिनं दगडानं ठोकून सरळ केली.

गावाची वेस दिसली तिथं ती पुन्हा थांबली. गाडी चालूच, एक पाय जमिनीवर.

"काय झालं? न्यूट्रलला टाक."

"पारावर मामा बसलेत," ती म्हणाली. सासऱ्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, आमच्याकडं सुना मामा म्हणतात.

वेशीतून सरळ चढ जातो, त्याच्या मध्यावर लिंबाचा पार आहे. आमच्या गावात सून पारासमोरून वाहनात बसून जात नाही. बैलगाडी असो की जीप, वेशीशी उतरते, पदर सारखा करते, पार ओलांडून चालत जाते आणि पलीकडं पुन्हा बसते. बाबा गाडी पुढं नेऊन उभे राहायचे आणि आई मागून चालत यायची. मी लहानपणी टाकीवर बसून तिची वाट बघायचे. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की तयारीत हा पार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"उतरू का?" आईनं विचारलं.

सकाळपासून तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. उतरली तर चढावर सगळ्यांसमोर गाडी ढकलत न्यावी लागणार, आणि धापा टाकत गाडी ढकलणारीच्या हाती शेत कोण देणार? न उतरावं तर सुनेनं मान ठेवला नाही, हेच नवं कारण होणार.

"तूच ठरव," मी म्हणाले.

"मंग तू हितंच थांब. मागं आलीस तर म्हणतील, लेकीनं आणली. आन् कानात बोलू नको."

मी गाडी बंद केली. हेल्मेट मात्र काढलं नाही.

पहिला गिअर पडला. तिचा श्वास ऐकू येत होता, चाकाखालचे खडे ऐकू येत होते. मला दिसत होती ती फक्त तिची पाठ, हळूहळू चढ चढणारी. पारापाशी पाठ थांबली. इंजिन चालूच होतं. हेल्मेटची काच वर गेल्याचा आवाज आला.

"मामा, मी मंगल."

आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्वतः ओरडून बोलतात. त्यांचा शब्द न् शब्द आईच्या माइकमधून माझ्यापर्यंत आला. "मंगल? कोणासंगं आलीस?"

"एकलीच आले. हिंगोलीहून."

"गाडी कोणी आणली?"

"मीच."

मग थोरल्या काकांचा आवाज, जरा दुरून. "आबा बसलेत. खाली उतरावं जरा."

मी हँडल घट्ट धरलं. बोलू नको म्हणाली होती म्हणून ओठ दाबून धरले.

"दादा, चढावर गाडी सोडून उतरता येत न्हाई," आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मामा, परत येताना पाया पडायला उतरते. आता शेतात पाणी सुरू हाय, गडी वाट पाहून राहिला. जाऊ का?"

 इंजिनाचा आवाज तेवढा चालू. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण खोकला.

"मंग उभी काहून राहिली?" आजोबा ओरडले. "जा न. ऊन व्हऊन राहिलं."

"आबा, मंग पाडव्याला त्या बटईवाल्याला…" काका म्हणाले.

"सून येऊन राहिली न सोता. त्याला न्हाई म्हण."

दुसरा गिअर पडला. पाठ पुन्हा हलली, पार ओलांडून पुढं गेली. माझी काच आतून धुरकट झाली होती. मी रडत होते आणि ते पुसायला हेल्मेटात हात जात नव्हता.

"ऐकलंस का?" कानात आई.

"ऐकलं."

"मंग ये आता. पाणी सुरू हाय."

पारापाशी मी मात्र उतरले. आजोबांच्या पाया पडले. "तू काहून उतरलीस?" त्यांनी विचारलं. "तू तर लेक हाईस." आणि हेल्मेट उलटंसुलटं करून पाहत म्हणाले, "टोपडं चांगलं हाय."

शेतात बांधावर बसून भाकरी, मिरचीचा ठेचा आणि सालगड्याच्या बायकोनं आणलेली कढी खाल्ली. आई जेवता जेवताच उन्हाळी भुईमुगाच्या वाफ्यात पाणी कुठपर्यंत गेलं ते पाहून आली. परत येताना पारापाशी ती थांबली, खाली उतरली, पदर डोक्यावर घेऊन आजोबांच्या पाया पडली. मग हेल्मेट घातलं आणि त्यांच्यासमोरच गाडीवर टांग टाकून बसली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. रस्त्यात काढलेल्या चपला म्हाताऱ्यांनी आपण होऊन बाजूला ओढल्या.

मी उंच खिंडी पार केल्या आहेत, त्यांचे फोटो भिंतीवर लावले आहेत. पण अभिमान कसा वाटतो ते मला वेशीपाशी गाडी बंद करून उभं राहिल्यावर कळलं. सेट जोडला तेव्हा वाटलं होतं, मी आईला रस्ता सांगणार. ज्या चढावर खरी परीक्षा होती तिथं मी फक्त ऐकत होते.

हिंगोलीत पोचलो तेव्हा बाबा पाठीला पट्टा बांधून फाटकातच उभे होते. मला वाटलं, खड्डे विचारतील, ब्रेक विचारतील. ठोकून सरळ केलेल्या दांडीकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"पारापाशी उतरलीस?" त्यांनी आईला विचारलं. सकाळपासून त्यांना तीच काळजी होती, आणि मला ते कळलंही नव्हतं.

"जाताना न्हाई," आई हेल्मेट काढत म्हणाली. "येताना उतरले. माझ्या मनानं."

 बाबांनी तिच्या हातातून किल्ली घेतली, क्षणभर पाहिली आणि परत तिच्याच हातात ठेवली.