गो, वेन्ट, गॉन आणि माझी सासू

लेक सातवीत असताना तिच्या शाळेनं एक उपक्रम दिला. घरातल्या एका माणसाला इंग्रजीतलं एक क्रियापद शिकवायचं, त्याची तिन्ही रूपं पाठ करून घ्यायची, वाक्यं बोलायला लावायची आणि त्याचा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. क्रियापदं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. आमच्या वाट्याला ‘गो’ आलं.

‘आमच्या’ हा शब्द माझा. लेक शाळेचा मेसेज मोठ्यानं वाचत होती आणि मी मनातल्या मनात साडीसुद्धा ठरवून टाकली होती. घरातलं माणूस म्हणजे दुसरं कोण असणार? नवऱ्याची ड्युटी फिरती, तो कधी हाताला लागायचा नाही. सासूबाईंचं शिक्षण म्हणजे विहारातल्या रविवारच्या वर्गात शिकलेली सही. राहिले मी. शिवाय गो, वेन्ट, गॉनशी माझी ओळख जुनी. पालिकेच्या मराठी शाळेत पाचवीला बाई टेबलावर पट्टी आपटायच्या आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात ओरडायचो. आता अंधेरीला एमआयडीसीत, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत मी डिस्पॅच बघते. गाडी गेली का, कधी गेली, कुठवर गेली, दिवसभर हेच. ‘व्हेइकल हॅज गॉन’ हे मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतसुद्धा लिहीन.

“मग कधी बसायचं आपण?” मी विचारलं.

“तू नको,” लेक म्हणाली. “मी आजीला शिकवणार आहे.”

“आजीला? त्यांना एबीसीडी तरी येते का गं?”

“म्हणूनच ना. तुला येतं मम्मी. तुला काय शिकवू?”

बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणून तर जास्त झोंबलं. सरळ सांगते, मला सासूचा हेवा वाटला. चाळिशीला आलेली बाई, पासष्टीच्या बाईवर जळत होते, तेही सातवीच्या गृहपाठावरून.

तसा हा हेवा नवा नव्हता. लेक पाच महिन्यांची असताना मी कामावर परत रुजू झाले. तिचा पहिला दात सासूबाईंना दिसला. तिनं पहिलं पाऊल टाकल्याचं मला फोनवर कळलं, तेव्हा मी ट्रकवाल्याशी भांडत होते. ताप आला की ती आजीच्या कुशीत शिरायची आणि मी औषधाची बाटली घेऊन बाजूला उभी. लोक म्हणायचे, नशीब काढलंस, घरात हक्काचं माणूस आहे. मी ‘हो ना’ म्हणायचे. ते खरंही होतं. पण हक्क कुणाचा, ते कुणी विचारत नव्हतं.

आता रोज संध्याकाळी त्यांचा वर्ग भरायला लागला. मी मेट्रोनं मालाडला येऊन, भाजी घेऊन दारात पोचायची तेव्हा आतून हसणं ऐकू यायचं. चपला काढेपर्यंत ते थांबायचं. आत सासूबाई मेथी निवडत असायच्या, लेक शेजारी वही घेऊन. जी पोरगी मला ‘अभ्यास झाला का’ या प्रश्नावर फक्त ‘हं’ देते, ती आजीला एकच शब्द वीस वेळा सांगायची आणि एकदाही वैतागायची नाही.

“वेन,” सासूबाई म्हणायच्या.

“वेन्ट, आजी. शेवटी ट.”

“वेन.”

“जमतंय, जमतंय. परत बोल.”

मला कधी कुणी ‘जमतंय’ म्हटल्याचं आठवत नाही. एकदा मला राहवलं नाही. कूकर लावता लावता मी म्हणाले, “जीभ वर लावा आई, दाताच्या मागे. ट, ट.”

“मम्मी, प्लीज,” लेक म्हणाली. “मी शिकवतेय ना?”

“बोलू दे की तिला,” सासूबाई म्हणाल्या. “तिला येतं ते, म्हणून सांगती.”

त्यांनी माझी बाजू घेतली याचा तर अजूनच राग आला. त्या रात्री आमटीत मीठ जास्त पडलं आणि दोघींनी मुकाट्यानं जेवण संपवलं.

ऑफिसात डबा खाताना मैत्रिणीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, “झकास आहे की यार. पोर सांभाळते, भाजी निवडते, वर इंग्लिशपण शिकते. मला दे अशी सासू.” मी डब्याचं झाकण लावलं आणि गाड्यांची यादी बघायला निघून गेले.

वाक्यं कुठली बसवली आहेत, ते मात्र दोघी सांगेनात. “व्हिडिओतच बघ,” लेक म्हणायची. वही दप्तरात जायची. मला खात्री होती की ती वाक्यं विहाराची असतील, बाजाराची असतील, नाहीतर दोघी मिळून मढच्या किनाऱ्यावर जाऊन आल्या होत्या त्याची. तेव्हाही मला सुट्टी मिळाली नव्हती.

रविवारी व्हिडिओ घ्यायचा ठरला. सासूबाईंनी विहारात नेसायची पांढरी साडी काढली. लेकीनं त्यांचे केस विंचरले, पावडर लावली. मी ठरवलेली मोरपिशी साडी नेसून बाहेर आले.

“कुठे चाललीस?” लेकीनं विचारलं.

“कुठे नाही. असंच.”

“बरं झालं. तू फोन धर. तुझा कॅमेरा चांगला आहे.”

मोरपिशी साडी नेसून मी फोन धरून उभी राहिले. सासूबाईंना खिडकीशी खुर्चीवर बसवलं होतं, उजेड तिथेच चांगला येतो म्हणून. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून समोरचा बस स्टॉप दिसतो. मेट्रो नव्हती तेव्हा मी तिथूनच बस पकडायची. सुरुवातीचे काही दिवस मी मान वर करून बघायची. खिडकीत सासूबाई, त्यांच्या कडेवर लेक. मग रडू यायला लागलं, भरलेल्या बसमध्ये तसं रडत चढणं बरं दिसेना, म्हणून मी वर बघणं सोडलं.

“आजी, से द थ्री फॉर्म्स,” लेक बाईंच्या आवाजात म्हणाली.

“गो, वेन्ट, गॉन.” वेन्टमधला ट अगदी खणखणीत.

“नाऊ सेन्टेन्सेस.”

सासूबाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं, स्टॉपच्या दिशेनं, आणि दुसरा हात मांडीवर थोपटत म्हणाल्या, “मम्मी गोज टू ऑफिस. मम्मी वेन्ट टू ऑफिस. मम्मी हॅज गॉन टू ऑफिस.”

कुठे अडखळल्या नाहीत. मी इतकी वर्षं खरडलेलं वाक्य इतक्या सहज कधी बोलले नसेन.

“ही वाक्यं कुणी दिली?” मी विचारलं. व्हिडिओ चालू आहे हेही विसरले.

“मीच,” लेक म्हणाली. “मार्केटची वाक्यं आजीला पाठच होईनात. मग तिनं सांगितलं ना, मी लहानपणी खिडकीत रडायचे तेव्हा ती काय बोलायची ते. तेच इंग्लिशमध्ये केलं. ते तिला लगेच आलं.”

“रोजचंच होतं ते,” सासूबाई म्हणाल्या. “गेली, मम्मी गेली, ती बघ बसमध्ये चढली. बस दिसेनाशी होईस्तोवर ही पोरगी हात हलवायची.”

सासूबाई लेकीकडे वळल्या. “अगं, पण पुढचं राहिलं की. ‘मम्मी येईल’ असंपण बोलायची मी. त्याशिवाय तू गप्प बसायची नाहीस. त्याचं इंग्लिश काय?”

“ते वेगळं क्रियापद आहे आजी,” लेक म्हणाली. “ते आपल्या चिठ्ठीत नाही आलं.”

मग तिनं माझ्या हातातला फोन घेऊन व्हिडिओ लावून बघितला. “मम्मी, किती हलवलास गं. परत घ्यावं लागेल.”

त्या दुपारी व्हिडिओ चार वेळा घ्यावा लागला. चारही वेळा मी ऑफिसला गेले.