चिंचेखालचा राब

जयवंताला आता आयुष्याकडून फार काही नको होतं. दुपारी जेवण झाल्यावर दार सताड उघडं टाकून, कुणाची चाहूल न घेता घटकाभर आडवं होता यावं, एवढंच. ऐकायला मागणी किती लहान वाटते! जावयाच्या घरात राहणाऱ्या बाईला विचारा म्हणजे ती किती मोठी आहे ते कळेल.

नवरा गेल्यावर सासरचं घर दिरांच्या वाटणीत गेलं आणि जयवंता आपली पत्र्याची पेटी घेऊन दहिवलीला लेकीकडे आली. श्रद्धा कर्जतला एका दवाखान्यात नर्स. जावई प्रवीण भला माणूस, आवाज चढवून बोलायचा नाही. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. इथे सगळे चांगले, म्हणून जयवंता सकाळी सगळ्यांच्या आधी अंथरूण गुंडाळायची, चहा मागायची नाही, टीव्हीसमोर बसायची नाही आणि दिवसा कधीही आडवी व्हायची नाही. दुपारी पाठ मोडून आली तरी ती भिंतीला टेकून भाजी निवडत बसायची. घरात भाजी नसली तर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची.

तिच्या वाट्याला मोहोपाड्याच्या अलीकडे रस्त्याकडेचा एक तुकडा आला होता. त्यावर दोन खोल्या बांधायच्या हे तिनं कधीचं ठरवलं होतं. पण तो तुकडा काही साधासुधा नव्हता. कैक वर्षं तो नवऱ्यानं एका पनवेलकडच्या शेठला भाड्यानं दिला होता. शेठ कारखान्यांतून रिकामे केमिकलचे ड्रम आणायचा, तिथं धुवायचा आणि लग्नकार्यात पाणी भरायला, बांधकामाला विकायचा. धुतलेलं पाणी उताराला वाहायचं, खाली चिंचेच्या झाडाकडे. तिथलं गवत आधी पिवळं झालं, मग उगवायचंच थांबलं. जयवंता पदर नाकाला लावून भाडं घ्यायला जायची आणि तसाच पदर लावून परत यायची. त्याच भाड्यावर श्रद्धाचा नर्सिंगचा कोर्स झाला. पुढं कुणीतरी तक्रार केली, ड्रमचा धंदा बंद पडला आणि शेठ आपले ड्रम तेवढे घेऊन गेला. माती इथंच राहिली.

म्हणून बांधकामाची परवानगी आली ती दोन अटी घेऊन. खालच्या अंगाची बिघडलेली माती काढून, ती घ्यायचा परवाना असलेल्या ठिकाणी पोचवायची आणि नवी माती तपासून घ्यायची, ही एक. दुसरी चिंचेची. त्या चिंचेवर दरवर्षी ढोकऱ्या, म्हणजे ते लहान मळकट बगळे, घरटी करतात, तेव्हा झाडाला, मुळांना इजा करायची नाही आणि घरट्यांत पिल्लं असताना यंत्र चालवायचं नाही. आता बिघडलेली माती नेमकी चिंचेच्या मुळांत. एक अट म्हणते खणा, दुसरी म्हणते हात लावू नका. जयवंतानं कपाळाला हात लावला.

मातीचे नमुने घ्यायला प्रदूषण मंडळाकडून समीक्षा नावाची मुलगी आली होती. तिनं नीट समजावलं, "मावशी, मुळांजवळ हातानं खणायचं, बाकीचं जेसीबीनं. माती न्यायला गाडी आली की मला फोन करा."

गाडी काही येईना. आज येते, उद्या येते, आधी मोठ्या कारखान्याची माती, मग तुमची. खालापूरचा झाकीर जेसीबी घेऊन दोनदा येऊन परत गेला. जयवंता दहिवलीहून बस, मग शेअर रिक्षा, मग चालत, अशी यायची, मोकळ्या जागेत उभी राहायची आणि पुन्हा तशीच परत जायची. रात्री जेवताना प्रवीण मायेनं विचारायचा, "काय झालं हो आई, गाडीचं?" त्या मायेनंच ती अर्ध्या ताटावरून उठून भांडी घासायला लागायची.

होळी होऊन गेली आणि आजूबाजूच्या शेतांत राब भाजायला सुरुवात झाली. शेण पसरायचं, त्यावर पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं आग लावायची. आग वर उसळत नाही, हळूहळू खाली भाजत जाते. तण मरतं, कीड मरते, माती मऊ होते, आणि मग त्यात भाताचं रोप तरारतं. जयवंतानं सगळा जन्म हेच केलं होतं. ती बांधावर उभी राहून त्या निळसर धुराकडे बघत राहिली आणि तिच्या मनानं घेतलं, की आपल्यालाही मातीच साफ करायची आहे ना? मग माती साफ करायची अक्कल आपल्याला कुणी का शिकवावी?

तिनं कुणाला सांगितलं नाही. दिराच्या गोठ्यातून शेण आणलं, पाला गोळा केला, चिंचेपासून चांगलं लांब ठेवून छान, एकसारखा राब रचला. कितीतरी दिवसांनी तिच्या हातांना ओळखीचं काम मिळालं होतं. दुपारी वारा पडलेला बघून तिनं काडी लावली.

सुरुवातीला वास शेणाचा आला. मग नखांना लावायच्या रंगासारखा काहीतरी उग्र वास सुटला. राब खाली बसेना, उलट आग वर उठू लागली. आग लागली होती ती पाल्याला नव्हे, मातीलाच. काळा धूर फुटला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि उताराच्या बाजूनं आग पाण्यासारखी चिंचेकडे सरकली. जयवंता बादली घेऊन धावली, आणि चार पावलांवर खोकत खाली बसली. शेजारच्या शेतातली माणसं ओरडत आली. झाकीर जवळच काम करत होता, त्यानं जेसीबी तसाच आत घातला आणि बांधाची माती उचलून आगीवर लोटली, तेव्हा कुठं ती विझली. चिंचेची एक अख्खी बाजू होरपळून तपकिरी झाली होती.

दवाखान्यात श्रद्धानंच तिला सलाईन लावलं. सुईवरची पट्टी घट्ट चिकटवली. मग म्हणाली, "आई, राब? ड्रमच्या मातीत राब भाजलास?"

"मला वाटलं, भाजली का साफ व्हईल."

"घाई कसली झाली होती तुला? आमी काय घराबाहेर काढत होतो का गं?"

 खरं उत्तर जयवंताला ठाऊक होतं. तुमच्या घरात मी दमले, असं लेकीला कसं सांगायचं? लेकीनं तर काहीच कमी केलं नव्हतं. "घाई नाय गं," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या खाटेवर तिला भरदिवसा झोप लागली, आणि जागी झाल्यावर त्याचीच लाज वाटली.

समीक्षा आली तेव्हा जयवंता बोलणी खायची तयारी करूनच प्लॉटवर उभी होती. पण समीक्षानं आधी एक जळकी फांदी नखानं खरवडून बघितली. "मावशी, मला हे लिहावं लागेल," ती म्हणाली.

"लिव बाय. केलंय ते केलंय."

लिहिलं गेलं, आणि अट वाढली. माती आता आणखी खोल काढायची. आणि झाड जगलंय हे माणसांनी ठरवायचं नाही, ढोकऱ्यांनी ठरवायचं. यंदा त्यांनी घरटी केली तर पिल्लं उडून गेल्यावर बांधकाम. नाही केली, तर परवानगीचा पुन्हा विचार. म्हणजे साठी ओलांडलेल्या बाईचं घर आता पाखरांच्या मर्जीवर आलं.

गाडी अखेर आली. झाकीरची माणसं तोंडाला फडकी बांधून मुळांजवळ कुदळीनं खणत होती. जयवंता लांबूनच बघत होती, कारण जवळ गेलं की खोकला उसळायचा. माती काळी-हिरवी निघाली. "काकी, एवढं पोटात घेऊन झाड उभं कसं रायलं?" झाकीरनं विचारलं. जयवंताला हसू आलं, पण ते काही हसण्यासारखं नव्हतं. खड्ड्यात नवी तांबडी माती पडली, तपासणीत ती चांगली निघाली. राहिल्या ढोकऱ्या.

पावसाळा लागला. रस्त्यापलीकडच्या आंब्यावर घरटीच घरटी झाली. जयवंता यायची, छत्री धरून चिंचेखाली उभी राहायची. एक पीसही नाही. ती आंब्याकडे बघायची आणि मनातल्या मनात त्या पाखरांना शिव्या घालायची, मग घाबरून परत घ्यायची. घरी कुणी काही विचारत नव्हतं. प्रवीणनं एकदा म्हटलं, "आई, नाहीतर राहू द्या ना ते घर. तुम्हाला इथं काय कमी आहे?" जयवंता म्हणाली, "काय पन कमी नाय." आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

एके दिवशी पावसानं उघडीप दिली होती. ती पोचली तेव्हा चिंचेच्या जळक्या बाजूवर एक ढोकरी बसली होती. मळकट, मान आखडलेली, अगदी दमलेल्या माणसासारखी. जयवंता होती तिथं थांबली. ढोकरीनं चोच पुढं केली, एक जळकी काटकी धरली, पिळली आणि कट् करून मोडली. ती घेऊन ती झाडाच्या हिरव्या बाजूला गेली. तिथं पानांत आधीच काटक्यांचा एक मोडका-तोडका ढीग होता. पुन्हा ती जळक्या फांदीवर आली. पुन्हा काटकी. जयवंतानं भाजलेल्या फांद्या ती एकेक करून घराला लावत होती.

जयवंताला रडू फुटलं. मोठ्यानं, पदर न लावता. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं.

मग तिनं समीक्षाला फोन केला. समीक्षालाही आनंद झाला. "फोटो पाठवा मावशी! पण आता पिल्लं उडेपर्यंत यंत्र नाही हं चालवायचं. दिवाळीनंतरच बघा."

"बरं बाय," जयवंता म्हणाली. फोन ठेवून तिनं वर बघितलं. "तुझं झालं का गं सुरू? तुला कुणी ईचारलं नाय, परवानगी हाय का म्हून?"

ढोकरी काटकी मोडण्यात गुंतली होती.

परतीची बस पकडायची तर आता निघायला हवं होतं. जयवंतानं पिशवीतलं निळं प्लास्टिक काढलं, पावसासाठी जवळ ठेवलेलं. चिंचेपासून जरा लांब, जिथं पुढं ओटी यायची होती तिथं, तांबड्या मातीवर ते अंथरलं. वहाणा काढून बाजूला ठेवल्या, जणू उंबऱ्याबाहेर. पिशवी उशाला घेतली आणि भरदुपारी, रस्त्यावरून गाड्या जात असताना, ती आडवी झाली. कोण बघेल, कोण येईल, कुणाला काय वाटेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नाही. पलीकडे चिंचेवर कट् कट् काटक्या मोडत होत्या, आणि तिला गाढ झोप लागली.