शून्य कुणी दिलं?

रेपेकाने कॉलेजसाठी गुणांचं सॉफ्टवेअर बनवलं त्याला आता बरीच वर्षं झाली, पण "छान झालंय हो" म्हणायला आजवर कुणी आलं नव्हतं. प्राध्यापक म्हणत, इतकी बटणं कशाला? विद्यार्थी म्हणत, गुण दिसायला इतका उशीर का? दोन्हीकडची बोलणी खायची आणि संध्याकाळी आपिया शहराच्या बाजारातून बस पकडून घरी जायचं. मनापासून कंटाळली होती ती.

या सत्राआधी विभागप्रमुखांनी एकच धोशा लावला होता. निकाल लावताना एकही चौकट रिकामी नको, बेरीज अडते! तेव्हा तिने नियम घातला, रिकाम्या चौकटीत मशीन आपोआप शून्य भरेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रोफेसर इओसुआ तेवढे बैठकीला नव्हते. ते भाच्याला मताईपद, म्हणजे घराण्याचं प्रमुखपद, मिळालं म्हणून गावी गेले होते.

इओसुआंची पद्धत अशी, की कुणाच्या घरी मयत किंवा कार्य असलं तर त्या मुलाची चौकट ते रिकामी ठेवायचे. पोर घरी गेलंय, येईल, तेव्हा बघू. आपेरीला नावाची विद्यार्थिनी अशीच आजीच्या मयताला बोटीने सवाई बेटावर गेली. रिवाजाप्रमाणे चटयांचं, डुकरांचं देणंघेणं उरकून परतली आणि तिने निबंध सरांच्या हातात दिला. तोवर मशीनने शून्य भरून निकाल लावून टाकला होता. विषय गेला की शिष्यवृत्ती जाणार, आणि ती गेली की कॉलेजही. पोरगी रेपेकाकडे आली.

"दुरुस्तीला सरांची सही लागते," रेपेका म्हणाली.

"मागितली, मॅडम. नाही म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला परत कसं विचारू?"

मग रेपेकाने इओसुआंना फोन लावला.

"शून्य मी दिलंय का?" इओसुआ गरजले.

"नाही सर, पण..."

"मग दुरुस्त मी कशाला करू? आजीला पुरायला गेलेल्या पोरीला इओसुआने शून्य दिलं म्हणून गावभर होईल! ज्याने दिलं त्याची सही घे."

"सर, ते मशीन आहे."

"मग मशीनला पाठव माझ्याकडे!"

तिला हसू आलं नाही. खरं तर दुसऱ्या कुणावर तरी ढकलून मोकळं व्हावं असंच वाटत होतं, पण ढकलायला कुणी उरलंच नव्हतं. रविवारी चर्च सुटल्यावर ती त्यांच्या घरी गेली आणि दाराजवळच्या चटईवर मांडी घालून बसली.

"सर, शून्य मी दिलं. नियम माझा होता."



"जेवलीस का?" इओसुआंनी विचारलं.

जेवण झाल्यावर त्यांनी मुकाट्याने सही केली, चष्मा लावला आणि तिच्यासमोरच निबंध वाचायला घेतला. वाचून शेवटच्या पानावर आकडा लिहिला. अडतीस. पास व्हायला पन्नास लागतात.

"सर, थोडं..."

"थोडं काय? तुझ्या मशीनसारखं मीही मनाने भरू?"

सोमवारी आपेरीला आली. रेपेकाने स्क्रीन तिच्याकडे वळवला. इतकी उठाठेव करून पोरीला काहीच मिळालं नाही, या विचाराने रेपेकाला तिच्याकडे बघवेना.

"अडतीस," आपेरीला म्हणाली. "सरांनी वाचला?"

"माझ्यासमोर वाचला."

पोरीने मान हलवली, आभार मानले आणि बाहेरच्या पायरीवर बसून घरी फोन लावला. खिडकी उघडीच होती.

"आई, मी नापास झाले. ऐक ना, आधी रडू नकोस. तू मयताला बोलावलंस म्हणून नाही गं. आजीमुळे तर नाहीच नाही. निबंध दिला होता मी, सरांनी वाचलाही. मला नीट लिहिता आला नाही, एवढंच."