सिस्टर की मावशी?

ग्रुपमधल्या जीएनएम मैत्रिणींनो, आज तुमच्याशी बोलायचंय.

सकाळी रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मुलाखतीला गेले होते. मी यंदाच जीएनएम झालेय, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा आहे, डिग्री नाही. जाईन तिथे बीएस्सीच मागतात.

मेट्रननी मुलाखत घेतली. उत्तरं नीट आली. मग त्या म्हणाल्या, "नर्स म्हणून आता बीएस्सीच घ्यायच्या, असं मॅनेजमेंटचं ठरलंय. वॉर्डात मदतनीस मावशीची जागा आहे. काम तुला नर्सचंच देऊ."

"आणि अनुभवाचा दाखला?"

"तो मदतनीस म्हणूनच मिळेल." मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मीपण जीएनएमच आहे गो. आमच्या वेळी चालायचं."

उद्या कळवते, असं सांगून बाहेर पडले. एसटी स्टँडपर्यंत रडू आवरलं, बाकावर बसल्यावर नाही आवरलं. सलाइन मी लावायचं, इंजेक्शन मी द्यायचं, आणि काही कमीजास्त झालं तर मी नर्सच नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. "लागली ना गो नोकरी?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कामाची लाज नाय गो. पण तिथं तुला सिस्टर कोण म्हणेल?"

फोन ठेवला आणि एसटीत बसून हे लिहितेय.

तुमच्यापैकी कोणी अशी नोकरी धरली होती का? पुढे नर्स म्हणून तुम्हाला कोणी घेतलं? मला धीर देऊ नका, खरं काय झालं तेवढं सांगा.