वर तीन, खाली तीन

सहा सारख्या चौकटींचं पान काढा म्हणून कुणी सांगितलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. वर तीन, खाली तीन. शाळेत चित्रकथा शिकवायची वेळ येते तेव्हा मी ते पान फळ्यावर काढून दाखवते, पगार त्याचाच घेते. पण माझ्या पुस्तकात ते पान नाही. का नाही ते सांगते, आणि ज्याला पटायचं नाही त्यानं खुशाल पटवून घेऊ नये.

मी जत तालुक्यातल्या धनगराची पोरगी. आता सांगलीत, विश्रामबागेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळी झाली की माझे आईवडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरायचे आणि उन्हाळा संपताना माघारी यायचे. मी वसतिगृहात असायचे, सुट्टी लागली की त्यांच्या मागं. त्या वाटेची गोष्ट मला चित्रांत सांगायची होती, आणि तीही एकही अक्षर न लिहिता, कारण माझ्या वडिलांना, आबांना, अक्षर येत नाही.

जतच्या स्टँडवर आबा प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारायचे, "ही कुठं जाती वो?" मी आठवीत असताना गाडीला टेकून उभा असलेला एक जण म्हणाला, "पाटी लावलीया न्हवं येवढी मोठी? डोळं फुटलं काय?" आबा हसले. त्याच्यापेक्षा मला आबांच्या हसण्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मला एक पुस्तक करायचं होतं, जे हा माणूस कुणालाही न विचारता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल. बाकी बक्षीस-बिक्षीस गेलं उडत.

तीन वर्षं मी आडव्या, लांब कागदांवर चित्रं काढली. मग ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडं पाठवली. तिथल्या संपादकांचा फोन आला. गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही. "मॅडम, चित्रं अप्रतिम आहेत. फक्त पान उभं करूया. प्रत्येक पानावर सहा चौकटी, सगळ्या सारख्या. म्हणजे उद्या मोबाईलवर एकाखाली एक टाकता येतील. वाचकाचा डोळा डावीकडून उजवीकडं जातो, मग खाली उतरून पुन्हा डावीकडून सुरू करतो. त्या सवयीला आपण धक्का लावायचा नाही."

मी म्हणाले, "हो सर."

हेच मला आज खुपतं. एरवी मी भाजीवाल्याशी सुद्धा हुज्जत घालते, पण पुण्याचा माणूस, नावाजलेलं प्रकाशन, आणि माझी शेपूट आत. चार महिने बसून चाळीस पानं नव्यानं काढली. लांबच्या लांब माळरान होतं, त्याचे तुकडे करून चौकटीत कोंबले. चांगलं दिसतंय, असं मीच मला सांगत होते.

ती पानं घेऊन गावी गेले. आबा अंगणात वाघर दुरुस्त करत बसले होते. वाघर म्हणजे रानात मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. मी त्यांच्या मांडीवर एक पान ठेवलं आणि म्हणाले, "आबा, वाचा."

पान कोकराचं होतं. ती गोष्ट खरी घडलेली, मी डोळ्यांनी बघितलेली. वरच्या ओळीत मेंढी मागं राहते, मेंढी खाली बसते, कोकरू जन्मतं. खालच्या ओळीत कोकरू निपचित पडलेलं, मग आबा त्याच्या नाकात फुंकर घालतात, मग कोकरू उभं राहून आईला पितं.

आबांनी बोट ठेवलं. वरच्या तीन चौकटी बरोबर गेल्या. तिसरी झाली आणि बोट सरळ खाली उतरलं, उजव्या कोपऱ्यात, जिथं कोकरू पीत होतं. तिथून डावीकडं, फुंकरीवर. तिथून आणखी डावीकडं, निपचित पडलेल्या कोकरावर. तिथं बोट थांबलं.

"मेलं?" आबा म्हणाले.

"न्हाई आबा, ते..."

"उभं ऱ्हायलं, पेलं, आन् मी फुंकर घातली तरी मेलं?" त्यांचा आवाज चढला. "त्ये कोकरू जगलं हुतं गं. तू हुतीस की तितं. खोटं कशापायी काढलंस?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी समजावायला गेले, खालची ओळ पुन्हा डावीकडनं सुरू करायची असते म्हणून.

"का?"

"पुस्तकात तसंच असतं."

आबांनी हातातली जाळी उचलून दाखवली. "ह्ये बग. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो. आज ह्या कोपऱ्यात वाघर लावली. उद्या तिच्या शेजारी. परवा त्याच्या शेजारी. बांध आला. मंग?"

"मग खाली सरकायचं."

"आन्?"

"उलटं माघारी यायचं."

"का जाळी डोस्क्यावर घिऊन पुन्ना पयल्या कोपऱ्याला जायचं? येडी हाईस का खुळी!"

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "शिकल्याली हाय ती. जाईल बी."

मी हसले नाही. जन्मभर मी वाघर सरकताना बघितली. सगळं रान खतवायचं असेल तर ती कशी वळते, हे माझ्या हाडांत होतं. आणि पान काढायची वेळ आली तेव्हा मी ते पार विसरले. आबांची चूक नव्हती. जिवंत कोकरू माझ्या चौकटींनी मारलं होतं, आणि ज्या एका माणसासाठी पुस्तक करत होते तो मला खोटारडी म्हणत होता. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, माझाच.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यातून संपादकांना फोन लावला. म्हटलं, पान आडवंच राहणार. वरची ओळ डावीकडून उजवीकडं जाईल, खालची उजवीकडून डावीकडं येईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, डोळा तसा चालत नाही."

"कुणाचा डोळा, सर?"

"वाचकाचा. एका माणसासाठी तुम्ही बाकी सगळ्यांना हरवणार आहात का?"

"हरवू देत की. हरवले तर विचारतील कुणाला तरी. आमच्या आबांनी जन्मभर तेच केलंय."

मग त्यांनी मला शुभेच्छा दिल्या. पुण्याकडं शुभेच्छा दिल्या की विषय संपला, एवढं मला कळतं. त्या रात्री ती चाळीस उभी पानं पुन्हा चाळत बसले होते हे कबूल करते. पण सकाळी उठून पुन्हा तोच फोन करायला सांगितला असता, तर मी तोच केला असता.

मग सगळी पानं तिसऱ्यांदा काढली. उजव्या टोकाला, जिथं बांध यायचा, तिथं एक उभी चौकट ठेवली, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. त्या चौकटीत कळप वळतो. खाली सगळ्या मेंढरांची तोंडं डावीकडं. चौकटी सारख्या नाहीत. जिथं रान मोठं तिथं चौकट मोठी, जिथं मेंढी एकटी तिथं एवढीशी. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना पानं दाखवली. पहिल्या पानावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यावर "हे काय गं?" म्हणाल्या. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट बांधाला जाऊन आपोआप वळलं, आणि पुढं त्यांनी मला काही विचारलं नाही.

विश्रामबागेत लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापणारा एक प्रेसवाला आहे. त्यानं कागद उलटासुलटा करून बघितला. "मॅडम, असलं आडवं पुस्तक कपाटात बसत न्हाई. बाहेर येतंय."

"मांडीवर बसतंय ना?"

"मांडीवर बसतंय की."

"मग छापा."

पहिली प्रत घेऊन गावी गेले. आबा जेवून ओट्यावर बसले होते. मी पुस्तक दिलं आणि मुद्दाम लांब जाऊन बसले, बोरीपाशी, म्हणजे माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काही कळायला नको. त्यांनी धोतराला हात पुसले. पान उलटलं. बोट निघालं, बांधापर्यंत गेलं, वळलं, माघारी आलं. दुसरं पान. तिसरं. मधेच एकदा ते स्वतःशी म्हणाले, "हितं पानी न्हवतं." आणि खरंच त्या पानावरच्या गावात आम्हाला पाणी मिळालं नव्हतं.

कोकराचं पान आलं ते मला लांबूनच कळलं, कारण बोट थांबलं. उभ्या चौकटीत थांबलं, जिथं कोकरू जन्मून निपचित पडलंय. मग बोट खाली डावीकडं सरकलं, फुंकरीवर आलं, आणखी सरकलं.

"उटलं," आबा म्हणाले, आणि पान उलटलं.

एवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली आणि म्हणाली, "काय हाय त्येच्यात? तुमाला काय कळतंय त्यातलं? पोरीला इचारा की, ती बसलीया न्हवं तितं."

आबांनी मान वर केली नाही.

"कशाला इचारू?" ते म्हणाले. "वाचतोय न्हवं मी."